तुरुंगात एचआयव्ही: गोळीही चालू ठेवायची, नावही जपायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. धाकटा भाऊ अठरा दिवसांपासून मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात न्यायबंदी आहे, म्हणजे खटल्याचा निकाल लागायचा असलेला कैदी. चार वर्षं केईएम रुग्णालयाच्या एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रातून, त्याच्या गोळ्या चालू होत्या, अटकेच्या दिवसापासून बंद आहेत. आत त्याने कोणालाच काही सांगितलेलं नाही. मुलाखतीत, म्हणजे तुरुंगातल्या भेटीत, बहिणीला एवढंच म्हणाला, "ताई, इथे कळलं तर मला संडासापाशी झोपवतील." बहीण विचारते आहे: त्याने सांगावं की लपवावं, आणि बाहेरून मी काय करू?

ताई, तुमच्या भावाची भीती खोटी नाही. म्हणून "घाबरू नकोस, सांगून टाक" असं मी म्हणणार नाही. पण सांगावं की लपवावं, या दोनच वाटा आहेत असं समजून तो अडकला आहे. कारागृहात एकाच माणसाला सांगायचं असतं, डॉक्टरला, आणि बाकीच्यांपासून जपायचं असतं. हे दोन्ही एका वेळी जमतं. गुपित फुटतं तेव्हा कोणी दवंडी पिटलेली असते असं फारसं होत नाही. ते डबीच्या आवाजाने फुटतं, रुग्णालयातल्या रजिस्टरने फुटतं, रांगेत मारलेल्या हाकेने फुटतं, ताटात एकट्याच्याच वाट्याला आलेल्या अंड्याने फुटतं. या वाटा आधीपासून बुजवता येतात.

पण पहिलं काम गोळीचं, आणि ते आजच सुरू करायचं. त्याची गोळी बहुधा टीएलडी असेल, म्हणजे टेनोफोविर ३००, लॅमिव्युडिन ३०० आणि डोल्युटेग्रॅविर ५० मिलिग्रॅम अशी तिन्ही औषधं एकाच गोळीत, दिवसातून एकदा. गोळी थांबली की साधारण दोन ते चार आठवड्यांत विषाणू रक्तात पुन्हा वाढायला लागतो. अठरा दिवस म्हणजे नेमका तोच काळ. तरी धीर सोडू नका. डोल्युटेग्रॅविर हे दणकट औषध आहे, त्याला विषाणू सहजी दाद देईनासा होत नाही. लवकर पुन्हा सुरू झालं तर बहुतेकांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, परत खाली येतो. चुकलेल्या दिवसांची भरपाई म्हणून दोन-दोन गोळ्या मात्र घ्यायच्या नाहीत. आणखी एक गोष्ट त्याच्या जुन्या कागदांत आवर्जून बघा, हिपॅटायटिस बी आहे का. टेनोफोविर आणि लॅमिव्युडिन ही त्याचीही औषधं आहेत. ती एकदम बंद पडली तर यकृताला सूज येऊन कावीळ उसळू शकते, कधी गंभीरही होते. तसं असेल तर डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगायचं.

मुलाखतीला जाताना कपड्यांत किंवा खाऊच्या पुडीत गोळ्या लपवून नेऊ नका. कळवळ्यापोटी हे बरेच घरचे करतात आणि त्यातूनच सगळ्यात वाईट तऱ्हेने बिंग फुटतं. झडतीत गोळ्या सापडतात, चार जणांसमोर "ही कसली गोळी?" असा प्रश्न येतो, आणि उत्तर द्यायला तो आत एकटा असतो. औषध कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यामार्फतच आत जायला हवं.

त्यासाठी आधी केईएमच्या एआरटी केंद्रात जा. नोंदणीच्या वेळी काळजीवाहक म्हणून तुमचं नाव त्याने दिलं असेल तर काम सोपं आहे. नसेल तर केंद्र तुम्हाला त्याची माहिती देणार नाही, आणि ते बरोबरच आहे, तोच नियम उद्या त्याला वाचवणार आहे. मग वकिलाकरवी त्याच्या सहीचं संमतिपत्र आणावं लागेल. या पत्रावर आत एखाद्या अधिकाऱ्याची साक्षांकनाची सही लागू शकते, म्हणजे तो ते वाचणार. म्हणून त्यात आजाराचं नाव नको आणि 'एआरटी' हा शब्दही नको. "माझी केईएम रुग्णालयातील उपचारांची कागदपत्रं माझ्या बहिणीला देण्यास माझी संमती आहे" एवढं एक वाक्य पुरतं.

केंद्राकडून एका पानाचा उपचार-सारांश मागा. त्यावर त्याचा एआरटी क्रमांक, सध्याची औषधं, शेवटचा व्हायरल लोड तारखेसह, शेवटची औषधं कधी नेली ती तारीख, आणि क्षयरोग, कावीळ, मधुमेह असं जोडीला काही असल्यास ते हवं. त्याचं ग्रीन बुक, म्हणजे केंद्राने दिलेलं उपचाराच्या नोंदींचं पुस्तक, घरी असेल तर त्याची झेरॉक्स काढा, मूळ पुस्तक आत पाठवू नका. रुग्णाची नोंद आता नॅकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, 'सोच' या संगणक प्रणालीत असते. क्रमांक बरोबर असला की दुसऱ्या केंद्रालाही त्याचा उपचार पुढे चालवता येतो.

ही कागदपत्रं जाड पाकिटात घालून बंद करा. वर "वैद्यकीय अधिकारी, कारागृह रुग्णालय, गोपनीय, फक्त त्यांनीच उघडावे" असं लिहा आणि शक्यतो वकिलाच्या हाताने पोचवून पोच घ्या. टपालाने नको, त्याच्या नावच्या पत्रात तर अजिबात नको. बंद्यांची पत्रं वाचूनच पुढे जातात. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो, त्यांचा फोन १५१००. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून न्यायबंदी आणि त्यांच्या घरच्यांसोबत काम करतो आहे, तिथेही विचारा. मुंबई जिल्हा एड्स नियंत्रण संस्थेचं कार्यालय वडाळ्याला अ‍ॅकवर्थ रुग्णालयाच्या आवारात आहे. कारागृहातला रुग्ण कोणत्या एआरटी केंद्राशी जोडायचा हे त्यांच्या कामाचाच भाग आहे. नॅकोची हेल्पलाइन १०९७.

आता आतली बाजू. आत येताना झालेल्या तपासणीत त्याने काही सांगितलं नाही, याचा त्याला आता धाक वाटत असेल. तो काढून टाका. ती तपासणी रांगेत होते. मागे वीस माणसं उभी असताना "काही आजार?" असं विचारलं तर कोण खरं बोलेल? नंतर सांगितलं म्हणून त्याला कोणी दोष देऊ शकत नाही. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, त्याचं कलम ८ सांगतं की न्यायालयाच्या आदेशाखेरीज कोणालाही आपली एचआयव्ही स्थिती उघड करायला भाग पाडता येत नाही. ज्याच्यावर विश्वासाने माहिती सोपवली, त्यानेही ती संमतीशिवाय पुढे सांगायची नाही. डॉक्टर ती सांगू शकतो ती उपचारात सहभागी असलेल्या दुसऱ्या डॉक्टरला किंवा आरोग्य कर्मचाऱ्याला, बराकीच्या पहाऱ्यावरच्या शिपायाला नाही.

डॉक्टरपर्यंत पोचायचं कसं? ओपीडीच्या खोलीत बहुतेक वेळा आणखी एक माणूस बसलेला असतो, नावं लिहिणारा, केसपेपर काढणारा रायटर. तो स्वतः बंदी असतो, आणि संध्याकाळी बराकीत परत जातो. गळतीची ही सगळ्यात मोठी जागा. म्हणून भावाने खोकला, पोटदुखी असं काहीही कारण देऊन नाव लावावं, आणि डॉक्टरसमोर आल्यावर हळू आवाजात म्हणावं, "साहेब, एक मिनिट एकट्याशी बोलायचंय." हे वाक्य मुलाखतीत त्याच्याकडून दोनदा म्हणवून घ्या. साधं वाटतं, पण ऐन वेळी जीभ टाळूला चिकटते. डॉक्टरला विनंती अशी करावी की रजिस्टरच्या निदानाच्या रकान्यात शब्द लिहू नयेत, आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला संकेतांक लिहावा. लक्षणं नसलेल्या एचआयव्हीचा संकेतांक 'झेड २१'. डॉक्टरला तो कळतो, रायटरला नाही. फाइलवर लाल स्टिकर, पलंगावर पाटी, नावापुढे फुली असलं काही करायची वैद्यकीय गरजच नसते. रक्त हाताळताना हातमोजे सगळ्यांसाठी घालायचे असतात, एकट्यासाठी नव्हे.

गोळीची डबी. तीस गोळ्यांची पांढरी प्लास्टिकची डबी असते, आणि हलली की खुळखुळते. हजाराहूनही कमी माणसांची मान्य क्षमता असलेल्या या तुरुंगात तीन-तीन हजार माणसं राहिली आहेत. तिथे दोन पथाऱ्यांमध्ये हातभर अंतर नसतं. रात्री गिनती होऊन बराक बंद झाल्यावर, सगळे आडवे झालेले असताना हा खुळखुळ दहा माणसांना ऐकू जातो. दुसऱ्या दिवशी कोणीतरी वळकटी उचकतो, आणि डबीवरचं नाव वाचता येणारा एक जण तरी निघतोच. यावर घरगुती तोड म्हणून गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून ठेवतात. ते दोन-तीन दिवसांपुरतं चालेल, महिनाभर नाही. मुंबईची हवा दमट आहे, आणि डबीतली ओल शोषणारी पुडी काही कागदात नसते. पावसाळ्यात तर आणखीच लवकर खराब होतात. त्यापेक्षा डबी रुग्णालयातच राहू द्यावी आणि गोळी रोज तिथे जाऊन घ्यावी हे बरं. पण त्यातही खोच आहे. फक्त एआरटीवाल्यांची वेगळी रांग लागत असेल तर ती रांगच सगळं सांगून टाकते. रक्तदाब, साखर, मिरगी, मानसिक आजार अशा रोजच्या गोळ्या घेणाऱ्या सगळ्यांची एकच रांग असावी, ही मागणी रास्त आहे आणि पैसाही न लागता मान्य होणारी आहे. तेही जमत नसेल तर डबीत कापसाचा बोळा घट्ट बसवून आणि वरचं लेबल काढून जवळ ठेवावी. लेबल काढण्यापूर्वी डॉक्टरला सांगून ठेवावं, नाहीतर झडतीत बेवारस गोळी म्हणून जप्त होईल.

वेळ सकाळची ठेवावी. डोल्युटेग्रॅविरने काहींची झोप उडते, आणि बराकीत रात्रभर जागा राहणारा माणूस नजरेत भरतो. शिवाय कोर्टाची तारीख असली की सकाळी बाहेर काढतात ते परत यायला संध्याकाळ होते. तारखेच्या दिवशी गोळी गाडीत बसण्याआधीच पोटात गेलेली हवी. जेवणाआधी की नंतर याचं बंधन नाही, पण एक जपायचं. तुरुंगात पित्ताचा त्रास जवळपास सगळ्यांना होतो आणि त्यावर चघळायची गोळी किंवा पातळ औषध सर्रास देतात. अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचं हे अ‍ॅसिडिटीचं औषध डोल्युटेग्रॅविरला पोटातच धरून ठेवतं, रक्तात जाऊ देत नाही. आधी टीएलडी घ्यावी आणि त्यानंतर निदान २ तासांनी ते औषध. ते आधी घेतलं असेल तर टीएलडीपूर्वी ६ तास जाऊ द्यावेत. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनाही हाच नियम, मात्र त्या भरल्या पोटी टीएलडीसोबत चालतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर डॉक्टरला सांगायचं, कारण तिचा डोस दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर जाऊ द्यायचा नसतो.

बराकीत विचारतीलच, "रोज कसली गोळी घेतोस रे?" उत्तर आधीच ठरलेलं हवं. अडखळला की संशय आलाच. काही जण टीबीचं नाव सांगतात. तसं करू नका. दाटीच्या बराकीत टीबीची भीती जास्त, आणि ती रास्तही आहे, कारण टीबी श्वासावाटे पसरतो. शिवाय टीबीचं औषध साधारण सहा महिन्यांत संपतं, मग सातव्या महिन्यात काय सांगणार? कावीळ म्हटलं तर जेवणाचं ताट वेगळं होतं. माझं मत विचाराल तर थायरॉइड सांगावं. रोज सकाळी एक गोळी, वर्षानुवर्षं, दिसायला काही नाही, संसर्ग नाही, आणि कोणाला त्यात रसही नाही. घरी कोणाला तरी असतोच, त्यामुळे बोलणं तिथेच संपतं. ज्याला खोटं बोलवत नाही त्याने "जुनं दुखणं आहे, रोज एक गोळी लागते" एवढंच सांगावं. डॉक्टरला मात्र थायरॉइड कधी सांगायचं नाही. तुम्हीही मुलाखतीत "सकाळचं घेतोस ना?" इतकंच विचारा. तिथे आजूबाजूला कान असतात, आणि मोठ्याने बोलल्याशिवाय ऐकू जात नाही.

अंड्याचं म्हणाल तर वजन घटलं असेल तर डॉक्टर वैद्यकीय आहार लिहून देतो, दूध, अंडं असं काही. तो नाकारू नये, अंगाला त्याची गरज असते. पण कारण म्हणून 'अशक्तपणा' किंवा 'रक्त कमी' एवढंच जावं. असा आहार म्हाताऱ्यांना, टीबीवाल्यांना, रक्त कमी असलेल्यांनाही मिळतो, त्यात एक नाव आणखी खपून जातं.

सगळ्यात जास्त घोळ बाहेरच्या रुग्णालयाच्या भेटीत होतो. एआरटी केंद्राची तारीख असते, पोलीस गार्ड मिळत नाही, तारीख हुकते, आणि डबी संपते. गार्ड मिळाला तर बेडी घातलेला माणूस केंद्राच्या बाकावर दोन पोलिसांच्या मध्ये बसतो, आणि त्या पोलिसांना कोणत्या विभागात आणलंय हे दारावरच्या पाटीवरून कळतं. म्हणून दर महिन्याला रुग्णाला नेण्याचा आग्रहच धरू नये. प्रकृती स्थिर असलेल्यांना तीन महिन्यांची औषधं एकदम देता येतात आणि ती कारागृहाच्या आरोग्य कर्मचाऱ्यानेही आणता येतात. वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि एआरटी केंद्राच्या समुपदेशकाला हे दोघांनाही सांगा, एकालाच सांगून भागत नाही. व्हायरल लोडसाठी रक्त आतच काढून नमुना पाठवता येईल का, हेही विचारा. केंद्रात न्यायलाच लागलं तर समुपदेशकाच्या खोलीत पोलिसाने ऐकू येणार नाही अशा अंतरावर उभं राहावं, नजरेसमोर असला तरी चालेल.

वकिलाला एक गोष्ट स्पष्ट बजावून ठेवा. भर कोर्टात "माझा अशील एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे, जामीन द्यावा" असं म्हणायचं नाही. गार्ड ऐकतो, इतर आरोपी ऐकतात, आणि ते सगळे एकाच गाडीतून परत जातात. नुसत्या एचआयव्हीवर जामीन मिळेल अशी आशाही धरू नये. औषध नियमित चालू असलेला माणूस जामिनाच्या कायद्याच्या नजरेत सहसा आजारी-अशक्त ठरत नाही, आणि ते ठीकच आहे. औषध मिळत नसेल तर मात्र अर्ज जरूर करावा. त्यात "दीर्घकालीन आजाराचे नियमित औषध" एवढंच लिहून वैद्यकीय कागद सीलबंद पाकिटात द्यावेत. एचआयव्ही कायद्याचं कलम ३४ न्यायालयाला टोपणनावाने कामकाज चालवायची, बंद दाराआड सुनावणी घ्यायची आणि नाव छापायला मनाई करायची मुभा देतं, शिवाय असं प्रकरण अग्रक्रमाने घ्यायला सांगतं. टोपणनावाने दाद मागायची ही वाट मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्येच 'एमएक्स विरुद्ध झेडवाय' या खटल्यात दाखवून दिली होती. कलम ३१ नुसार शासनाच्या ताब्यातल्या प्रत्येकाला, शिक्षा झालेल्याला आणि न्यायबंदीलाही, एचआयव्हीची तपासणी, समुपदेशन आणि उपचार मिळण्याचा हक्क आहे. पुढे शिक्षा झालीच तर कलम ३६ आठवा. त्याला कोणत्या कारागृहात ठेवायचं हे ठरवताना तिथे नीट उपचार मिळतात का, हे न्यायालयाने लक्षात घ्यायचं असतं. हे कलम वकिलांच्याही फारसं वाचनात नसतं.

आणि वेगळी बराक? हितचिंतक म्हणून कोणीतरी सुचवेल, "यांना एकत्र वेगळं ठेवा, त्रासच नको." नाही म्हणा. ज्या बराकीत फक्त पॉझिटिव्ह माणसं आहेत, तिच्यात पाय ठेवला की नाव जाहीर झालंच. कायद्याच्या कलम ३ मध्ये असं वेगळं काढणं हा भेदभाव म्हणून नोंदलेला आहे. तो उल्लेख उगाच आलेला नाही. १९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसूझा या तरुणाला केवळ रक्त तपासणीत एचआयव्ही निघाला म्हणून म्हापशाच्या जुन्या क्षयरोग इस्पितळात पहाऱ्यात ६४ दिवस डांबून ठेवलं होतं, आणि तसं करू देणारा गोव्याचा कायदा मुंबई उच्च न्यायालयाने तेव्हा वैध ठरवला होता. गुन्हा काही नाही, फक्त आजार, आणि कोठडी. क्षयरोग मात्र वेगळा. थुंकीत जंतू असलेल्या रुग्णाला औषध लागू होईपर्यंतचे सुरुवातीचे आठवडे बाजूला ठेवणं सगळ्यांच्याच हिताचं आहे. भावाला कितीही दिवसांचा खोकला, ताप, रात्री घाम, वजन घट यांपैकी एक जरी असेल तरी लगेच तपासणी मागा. एचआयव्ही असताना दोन आठवडे थांबायचं नसतं. टीबी निघालाच आणि त्याचं रिफॅम्पिसिन हे औषध सुरू झालं तर डोल्युटेग्रॅविर दिवसातून दोनदा लागतं, टीएलडीनंतर १२ तासांनी ५० मिलिग्रॅमची वेगळी गोळी. हे बाहेरच्या टीबीच्या डॉक्टरकडूनही कधीकधी सुटतं.

एवढं करूनही फुटलंच तर? पहिले आठ दिवस वाईट जातात. पाण्याचा मग वेगळा, ताट वेगळं, झोपायची जागा सरकत सरकत कोपऱ्यात. "कुठून आणलास?" हा प्रश्न येतो, आणि त्यात आजारापेक्षा चारित्र्याचाच पंचनामा जास्त असतो. या प्रश्नाला उत्तर द्यायला तो बांधील नाही. मारहाण किंवा धमकी असेल तर त्याच दिवशी अधीक्षकांना लेखी द्यावं आणि बराक बदलून मागावी. ते नसेल तर बराक बदलायची घाई करू नये. अफवा त्याच्याआधीच नव्या बराकीत पोचलेली असते, आणि तिथे त्याची बाजू घेणारा कोणी नसतो. जुन्या बराकीत निदान दोन माणसं त्याला ओळखतात. त्यांतल्या एकाला, ज्याचं बराकीत ऐकतात अशाला, समुपदेशकाकडून समजावून द्यावं. बराकीसाठी माहितीसत्र घ्यायचं तर ते टीबी, कावीळ आणि एचआयव्ही तिन्हींवर घ्यावं, म्हणजे बोट कोणा एकाकडे जात नाही.

अशा सत्रात पहिला प्रश्न डासांचा येतो. त्याला हसून टाळू नये, कारण डासांनी भरलेल्या बराकीत तो अगदी खरा प्रश्न आहे. मलेरिया पसरतो, मग हे का नाही? उत्तर असं: डास चावताना आपली लाळ सोडतो, आधीच्या माणसाचं रक्त नाही. मलेरियाचा जंतू डासाच्या अंगात वाढून त्याच्या लाळेत उतरतो. एचआयव्ही डासात वाढतच नाही, तो पचून संपतो. ताट, मग, संडास, टॉवेल, शिंक, मिठी यांतून एचआयव्ही जात नाही. खरा धोका सुई वाटून घेण्यात, आत सुईने गोंदवण्यात, निरोधाशिवाय संबंधात आणि दाढीचं एकच पातं फिरवण्यात, आणि या शेवटच्यात एचआयव्हीपेक्षा हिपॅटायटिसचा धोका मोठा. प्रत्येकाला नवं पातं ही मागणी सगळ्या बराकीची असू द्या. औषध नीट चालू राहून व्हायरल लोड (मिलिलिटरभर रक्तातल्या विषाणूंचा आकडा) २०० च्या खाली टिकला तर लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही हेही सांगावं. ही खात्री वाटून घेतलेल्या सुईला लागू नाही, तेही सोबत सांगावं.

कर्मचाऱ्यांची भीतीही समजून घ्यायला हवी, कारण भ्यालेला शिपाई सगळ्यांसमोर दोन हातमोजे चढवून बेडी घालतो आणि न बोलता सगळं सांगून टाकतो. त्याला कोणी सांगितलेलं नसतं की सुई टोचली किंवा उघड्या जखमेवर रक्त उडालं तरी बचावाचं औषध आहे. ते होईल तितक्या लवकर, काही तासांत, आणि ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायचं असतं. हे कळलं की त्याचा हात बराच सैल होतो.

तुमच्या भावाला लागू नाही, पण भायखळ्याच्या महिला कारागृहात कोणाची मुलगी, सून असेल म्हणून दोन ओळी. बायकांना दोष दुप्पट मिळतो, आणि मूल सोबत असेल तर त्यालाही. आईबरोबर सहा वर्षांपर्यंतची मुलं आत राहतात. आईला एचआयव्ही असेल तर बाळाची तपासणी सहा आठवडे, सहा महिने, बारा महिने आणि अठरा महिन्यांना होते. आई औषधावर असेल तर पहिले सहा महिने अंगावरचं दूधच पाजावं. "पाजू नको" हा सल्ला बराकीतून येतो, तो ऐकू नये. वरचं दूध मध्येच मिसळणं जास्त वाईट. बाळाचा अहवाल अंगणवाडीच्या ताईंना किंवा पाळणाघराला सांगायचं काही कारण नाही.

आता मनाचं. लोकांनी टाकण्याआधीच माणूस स्वतःला टाकून देतो, आणि तुरुंगात त्याला वेळ भरपूर असतो. मुलाखत नको म्हणणं, आपला वाटा दुसऱ्याला देऊन टाकणं, सगळ्यांची अंघोळ आटोपल्यावर हौदावर जाणं, "गोळी घेऊन तरी काय?" असं बोलणं, ही लक्षणं दिसली तर सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, असलेला बाहेर येतो. उत्तर हो असेल तर त्याच दिवशी अधीक्षकांना आणि वैद्यकीय अधिकाऱ्याला लेखी कळवा, आजाराचं नाव न घालता. तुमच्यासाठी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा फोन आहे, १४४१६. तुम्हीही अठरा दिवस हे एकटीनेच पोटात घेऊन फिरताय.

तक्रार करायची वेळ आली तर प्रसंग, तारीख, वेळ, कोण काय बोललं हे वहीत लिहून ठेवा. शंभर किंवा जास्त माणसं काम करतात अशा आस्थापनेला एचआयव्ही कायद्याने तक्रार अधिकारी नेमावा लागतो. राज्याच्या पातळीवर याच कायद्याखाली नेमलेला लोकपाल असतो. त्याने ३० दिवसांत, आणि तातडीचं वैद्यकीय प्रकरण असेल तर शक्यतो २४ तासांत आदेश द्यायचा असतो. औषध न मिळणं हे तातडीचंच आहे, अर्जात तसं स्पष्ट लिहा.

बदली आणि सुटका या दोन्ही न सांगता येतात. आर्थर रोडहून तळोजा कारागृहाला गाडी निघते तेव्हा माणूस जातो, डबी मागे राहते. म्हणून वैद्यकीय अधिकाऱ्याला आधीच सांगून ठेवा की बदलीच्या कागदांसोबत उपचार-सारांश आणि उरलेल्या गोळ्या जाव्यात. एआरटी क्रमांक भावाला तोंडपाठ असावा, फोन नंबरासारखा. जामिनाचं तसंच आहे. आदेश तुरुंगाबाहेरच्या जामीन पेटीत पडला की पुढचं सगळं घाईत होतं, रुग्णालयातली डबी आणायला कोणी थांबत नाही. तीन महिन्यांच्या गोळ्या मिळत असतील तर घरी एखादी न फोडलेली डबी असेल. तारीख बघून ती सीलबंदच कागदपत्रांच्या त्या पाकिटासोबत वैद्यकीय अधिकाऱ्याकडे द्या, म्हणजे नवी औषधं येईपर्यंतचा खंड भरून निघेल. अटकेच्या दिवशी जी अर्धी डबी घरी राहिली, ती मात्र आत पाठवू नका. झाकण घट्ट लावून कपाटात ठेवा. तो सुटून येईल त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळची गोळी तिच्यातूनच द्यायची, आणि मग त्याला घेऊन केंद्रात जायचं.